प्रोफेशनल महिला टेनिसपटूचं करिअर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टेनिस बघणाऱ्या बऱ्याच जणांना फायनल माहिती असते, ट्रॉफी माहिती असते, पण ती मुलगी तिथपर्यंत आली कशी आणि मधली सात-आठ वर्षं कुठे खेळत होती हे कोणी फारसं सांगत नाही. म्हणून सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. ज्यांच्या घरात मुलगी सिरियसली खेळतेय त्यांनी पैशांचा आणि रँकिंगचा भाग नीट वाचा, नुसते प्रेक्षक असाल तर हवं तिथून सुरू करा.

प्रोफेशनल होणं म्हणजे नेमकं काय? कुठली परीक्षा किंवा लायसन्स असतं का?

परीक्षा वगैरे काही नसते. इंटरनॅशनल टेनिस फेडरेशन म्हणजे आयटीएफकडे रजिस्ट्रेशन करून आयपिन नावाचा नंबर घ्यायचा, मग स्पर्धांना ऑनलाईन एंट्री टाकायची, बस. जिंकून बक्षिसाचे पैसे घ्यायला लागलात की तुम्ही प्रोफेशनल. कोणी कोणी "आजपासून प्रो झाले" असं जाहीर करतात, त्याला वेगळं कारण असतं, विशेषतः अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसमधून बाहेर पडताना, कारण कॉलेजकडून खेळायचं असेल तर किती बक्षीस घेता येतं याचे नियम असतात. ज्यांना कॉलेजचा रस्ता उघडा ठेवायचाय त्यांनी पहिला चेक हातात घ्यायच्या आधी ते नियम वाचावेत, नंतर वाचून उपयोग नाही.

किती वर्षांची झाल्यावर प्रो स्पर्धा खेळता येतात?

१४ पूर्ण व्हायच्या आत नाही. आणि १४ झाले म्हणजे सगळं मोकळं असंही नाही, १८ पूर्ण होईपर्यंत दरवर्षी किती स्पर्धा खेळायच्या यावर बंधन असतं. उदाहरणार्थ १५ वर्षांच्या मुलीला साधारण १० आणि १६ वर्षांच्या मुलीला १२, चांगली कामगिरी असेल तर त्यात थोड्या वाढवून मिळतात.

हा नियम आला त्याच्यामागे खऱ्या मुलींच्या खऱ्या आयुष्याची किंमत आहे. जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये १४वा वाढदिवस व्हायच्या काही दिवस आधी प्रो झाली, त्याच वर्षी फ्रेंच ओपनची सेमीफायनल खेळली, १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये स्टेफी ग्राफला हरवून गोल्ड घेतलं, आणि वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी पूर्ण थकून टूरमधून, म्हणजे वर्षभर देशोदेशी चालणाऱ्या प्रो स्पर्धांमधून, बाहेर पडली. ती परत आली, २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. तिच्या आधी ट्रेसी ऑस्टिन आणि अँड्रिया जेगर या दोघींची करिअरसुद्धा लहान वयातल्या दुखापतींनी आटपली होती. या सगळ्यानंतर १९९५ पासून वयाचे हे नियम लागू झाले. कोको गॉफ २०१९ मध्ये १५ वर्षांची असताना विम्बल्डनला क्वालिफाय होऊन (मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता मॅचेस जिंकून) आली आणि तिने पहिल्याच राऊंडला व्हीनस विल्यम्सला हरवलं तेव्हा खूप जणांना वाटलं की या पोरीला का अडवताय, खेळू दे की पाहिजे तेवढं. माझं मत उलटं आहे. तिला सावकाश जाऊ दिलं म्हणून ती २०२३ ला यूएस ओपन आणि २०२५ ला फ्रेंच ओपन जिंकायला धडधाकट उरली असं मला वाटतं.

ज्युनिअरमध्ये टॉपला असलेली मुलगी पुढे पण टॉपलाच जाते ना?

जातेच असं नाही. ॲश बार्टी २०११ ची ज्युनिअर विम्बल्डन विजेती, येलेना ओस्टापेन्को २०१४ ची, इगा श्वियाँतेक २०१८ ची, आणि तिघी पुढे सिनियर ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन ओपन, फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि यूएस ओपन या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकल्या. पण त्याच यादीत अशी पण नावं आहेत जी नंतर टॉप १०० मध्ये कधी दिसलीच नाहीत. उलट आर्यना सबालेंकाने ज्युनिअर ग्रँड स्लॅम खेळलेलंच नाही, ती थेट छोट्या प्रो स्पर्धांमध्ये घुसली आणि पुढे नंबर वन झाली.

ज्युनिअरचा खरा उपयोग म्हणजे वेगवेगळ्या कोर्टवर, वेगवेगळ्या मुलींशी खेळायची सवय, आणि वरच्या ज्युनिअर रँकिंगवाल्या मुलींना छोट्या प्रो स्पर्धांच्या मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, काही राखीव जागा मिळतात, त्याने सुरुवातीची क्वालिफायिंगची वणवण जरा कमी होते. ज्युनिअर ट्रॉफ्यांचे फोटो बघून पाच वर्षांचा हिशोब मांडणाऱ्या पालकांना एवढंच सांगेन की १६ वर्षांची मुलगी समोरच्या १६ वर्षांच्या मुलीला हरवते हे एक, आणि २७ वर्षांच्या, दहा वर्षं टूरवर घालवलेल्या बाईला हरवणं हे दुसरं.

कॉलेजला गेलं की करिअर संपतं का?

अजिबात नाही. डॅनिएल कॉलिन्स व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून २०१४ आणि २०१६ ला कॉलेज चॅम्पियन झाली, पूर्ण शिकली, मग प्रो झाली आणि २०२२ ची ऑस्ट्रेलियन ओपन फायनल खेळली, २०२४ ला मायामी जिंकली. एमा नवारो पण कॉलेज चॅम्पियन, २०२४ ला यूएस ओपनची सेमीफायनल. शरीर उशिरा भरणाऱ्या मुलींसाठी तर हा रस्ता जास्त चांगला आहे, कोच, जिम, फिजिओ, मॅचेस सगळं मिळतं आणि हातात डिग्री राहते.

स्पर्धांच्या इतक्या लेव्हल आहेत, डोकं चक्रावतं. सोप्या भाषेत सांगा.

खालून वर जाऊ. सगळ्यात खाली आयटीएफच्या स्पर्धा: डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५, डब्ल्यू ५०, डब्ल्यू ७५, डब्ल्यू १००. २०२४ पासून हा आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे रँकिंग पॉइंट, म्हणजे डब्ल्यू ३५ जिंकलं की ३५ पॉइंट. त्याच्या वर विमेन्स टेनिस असोसिएशन म्हणजे डब्ल्यूटीएच्या स्पर्धा: १२५, २५०, ५००, १०००, इथेही आकडा म्हणजे विजेतीचे पॉइंट. सगळ्यात वर चार ग्रँड स्लॅम, जिंकलं की २०००.

आता यातला फरक बघा. स्लॅमच्या मेन ड्रॉमध्ये दुसऱ्या राऊंडला पोचून हरलेल्या मुलीला ७० पॉइंट मिळतात. तेवढेच पॉइंट मिळवायला खाली दोन डब्ल्यू ३५ जिंकाव्या लागतात, म्हणजे सलग दहा मॅचेस, एकही न हरता. एका मॅचची किंमत आणि दहा मॅचची किंमत सारखी. म्हणूनच मेन ड्रॉमध्ये घुसणं ही या धंद्यातली सगळ्यात मोठी पायरी आहे, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ती परत येणार आहे.

रँकिंग नक्की कसं काढतात? जिंकून पण रँकिंग खाली कसं जातं?

मागच्या ५२ आठवड्यांचे पॉइंट धरतात. सिंगल्सला २०२४ पासून बेस्ट १८ स्पर्धा मोजतात, डबल्सला १२. वरच्या खेळाडूंना स्लॅम आणि मोठ्या १००० स्पर्धा मोजाव्याच लागतात, खेळल्या नाहीत तर शून्य धरलं जातं. दर सोमवारी नवीन यादी येते, फक्त स्लॅमसारख्या दोन आठवड्यांच्या स्पर्धा चालू असल्या की ती संपेपर्यंत थांबते.

एक वर्ष झालं की जुने पॉइंट गळतात. यालाच "पॉइंट डिफेंड करणं" म्हणतात. मागच्या वर्षी सेमीफायनल खेळलात आणि यंदा क्वार्टरला हरलात, तर यंदा चार मॅच जिंकूनसुद्धा तुमचे पॉइंट कमीच होणार. सगळ्यात मोठं उदाहरण एमा रादुकानू. २०२१ ला १५०व्या रँकिंगवरून यूएस ओपनच्या क्वालिफायिंगमध्ये आली, १० मॅच खेळली, २० सेट, एकही सेट न गमावता ट्रॉफी घेऊन गेली. पुढच्या वर्षी तिथेच पहिल्या राऊंडला हरली आणि ११ नंबरवरून थेट ८३ वर आली. लोकांनी तिला काय काय बोललं, पण तो फक्त कॅलेंडरचा हिशोब होता, ती एका रात्रीत ७२ जागांनी वाईट खेळायला लागली नव्हती. येलेना रिबाकिनाचं तर त्याहून वेगळंच, २०२२ चं विम्बल्डन ती जिंकली पण त्या वर्षी रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बंदी घातल्यामुळे टूरने विम्बल्डनचे पॉइंटच काढून घेतले होते, त्यामुळे चॅम्पियनला रँकिंगसाठी शून्य.

सगळे "टॉप १००, टॉप १००" का करतात? ९० आणि १३० मध्ये असा काय मोठा फरक आहे?

खेळात फारसा नाही. आयुष्यात जमीन-अस्मानाचा.

ग्रँड स्लॅमच्या सिंगल्सचा मेन ड्रॉ १२८ जणींचा. त्यात १०४ जणी रँकिंगवर थेट, १६ क्वालिफायिंगमधून, आणि ८ वाईल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांनी रँकिंग न बघता दिलेल्या जागा, ज्या बहुतेक यजमान देशाच्या खेळाडूंना जातात. रँकिंग बघतात ते स्पर्धेच्या साधारण सहा आठवडे आधीचं. म्हणजे त्या एका सोमवारी तुम्ही ९८ असलात तर आत, कोणी माघार घेतली तर १०८, ११० वाल्या पण आत. १३० असाल तर क्वालिफायिंग, तीन राऊंड, तिन्ही जिंकायच्या. आणि २५० च्या पुढे असाल तर बहुतेक वेळा क्वालिफायिंगला पण नाव लागत नाही.

आता पैसे बघा. २०२५ च्या यूएस ओपनला मेन ड्रॉच्या पहिल्याच राऊंडला हरलेल्या खेळाडूला १,१०,००० डॉलर मिळाले. विम्बल्डनला त्याच वर्षी ६६,००० पाउंड. वर्षात चार स्लॅम. चारही ठिकाणी पहिल्या राऊंडला हरली तरी त्या मुलीच्या वर्षभराच्या कोचचा, विमानाचा, फिजिओचा खर्च निघतो. ती १२० नंबरला असली तर हे पैसे नाहीत, आणि खर्च मात्र तेवढाच. १०४ च्या आसपासची ही रेष ओलांडायला कितीतरी मुली चार-चार, पाच-पाच वर्षं घालवतात, काही जणी वर्षातून तीनदा ओलांडतात आणि परत मागे येतात, आणि त्यांच्याबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग खालच्या लेव्हलला पोट कसं भरतं?

बऱ्याच जणींचं नाही भरत, घरचे पैसे घालतात. डब्ल्यू १५ स्पर्धेची एकूण बक्षिसाची रक्कम १५,००० डॉलर, त्यात सिंगल्स, डबल्स सगळं आलं, सिंगल्स जिंकणाऱ्या मुलीला अडीच हजार डॉलरसुद्धा हातात येत नाहीत. त्यातून टॅक्स, हॉटेल, प्रवास, रॅकेटच्या तारा बदलणं. आयटीएफने २०१३ च्या आकड्यांवरून अभ्यास केला होता, त्यात जगभरात फक्त ३३६ पुरुष आणि २५३ महिला अशा निघाल्या की ज्यांची बक्षिसाची कमाई खर्चाइतकी होती, आणि त्या खर्चात कोचचा पगार धरलेलाच नव्हता! त्यानंतर बक्षिसं वाढली आहेत, पण बहुतेक वाढ वरच्या बाजूला झाली.

मुली मग काय करतात, तर क्लबच्या लीगमध्ये खेळतात, जर्मनी-फ्रान्समध्ये अशा लीग चांगले पैसे देतात. फेडरेशनची मदत, ग्रँड स्लॅमकडून होतकरू खेळाडूंना मिळणाऱ्या ग्रँट, एखादा ओळखीचा स्पॉन्सर, ऑफ सीझनला कोचिंग. खूप जणी कोचशिवाय एकट्याच फिरतात, प्रॅक्टिसला दुसऱ्या खेळाडूला विचारतात, आणि एका देशात तीन-चार आठवडे सलग स्पर्धा असतील तिथेच मुक्काम टाकतात म्हणजे विमानाचे पैसे वाचतात. रॅकेट आणि कपडे कंपनीकडून फुकट मिळणं आणि कंपनीकडून पैसे मिळणं यात पण गोंधळ करू नका, पहिलं खूप जणींना मिळतं, दुसरं अगदी थोड्या जणींना.

महिलांना पुरुषांइतके पैसे मिळतात का?

चारही ग्रँड स्लॅममध्ये हो. बाकी टूरवर अजून पूर्ण नाही.

इथवर यायला पन्नासेक वर्षं लागलीत. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५०० ठेवले होते. त्यावर बिली जीन किंग, रोझी कॅसल्स आणि आणखी सात खेळाडूंनी २३ सप्टेंबर १९७० ला ह्यूस्टनमध्ये टेनिस मासिकाच्या प्रकाशक ग्लॅडिस हेल्डमन यांच्याबरोबर एक-एक डॉलरचा करार करून वेगळी टूर सुरू केली, अमेरिकेच्या टेनिस फेडरेशनने बंदी घालायची धमकी दिलेली असताना. १९७३ मध्ये विम्बल्डनच्या तोंडावर लंडनच्या एका हॉटेलात मीटिंग होऊन डब्ल्यूटीए स्थापन झाली, त्याच वर्षी यूएस ओपनने समान बक्षीस दिलं. विम्बल्डनने द्यायला २००७ उजाडलं! व्हीनस विल्यम्सने २००५ च्या फायनलच्या आदल्या दिवशी ग्रँड स्लॅमच्या अधिकाऱ्यांच्या मीटिंगमध्ये जाऊन हा विषय मांडला होता आणि दुसऱ्या दिवशी जाऊन ती फायनल जिंकली. समान बक्षीस आल्यावर पहिली विम्बल्डन चॅम्पियन पण तीच.

आता इंडियन वेल्स, मायामीसारख्या एकत्र होणाऱ्या मोठ्या स्पर्धांत रक्कम सारखी असते, पण काही ठिकाणी अजून फरक आहे. डब्ल्यूटीएने २०२३ मध्ये जाहीर केलंय की पुरुषांबरोबर एकत्र होणाऱ्या १००० आणि ५०० स्पर्धा २०२७ पर्यंत आणि बाकीच्या १०००, ५०० स्पर्धा २०३३ पर्यंत समान करायच्या. "महिला तीनच सेट खेळतात" हा मुद्दा नेहमी येतो, पण पाच सेट फक्त स्लॅममध्ये असतात, बाकी सगळीकडे पुरुषही तीनच सेट खेळतात आणि तरी तिथेच फरक आहे, म्हणजे सेटचा संबंध नाहीच.

डबल्सवर करिअर होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि त्याला दुय्यम समजू नये. सानिया मिर्झा सिंगल्सला २००७ मध्ये २७व्या नंबरपर्यंत गेली होती, पण मनगट आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिने सिंगल्स सोडून पूर्ण लक्ष डबल्सवर दिलं. एप्रिल २०१५ मध्ये जगात नंबर वन, मार्टिना हिंगिसबरोबर सलग ४१ मॅच जिंकल्या, विम्बल्डन २०१५, यूएस ओपन २०१५, ऑस्ट्रेलियन ओपन २०१६, शिवाय मिक्स्डची तीन टायटल. शरीर सिंगल्सचा भार घेत नसताना खेळ न सोडता रस्ता बदलला तिने, हा निर्णय मला तिच्या ट्रॉफ्यांइतकाच मोठा वाटतो.

पैसे मात्र कमी आहेत आणि जोडीत वाटले जातात. टूरवर डबल्समध्ये ४० ऑलला (गेममध्ये दोन्ही जोड्या ४०-४० वर आल्या की) थेट निर्णायक पॉइंट आणि तिसऱ्या सेटऐवजी १० पॉइंटचा टायब्रेक असतो, त्यामुळे मॅचेस लवकर संपतात आणि सिंगल्सवाल्या पण खेळू शकतात. बार्बोरा क्रेजिकोव्हा आधी डबल्सची मोठी खेळाडू, मग २०२१ च्या फ्रेंच ओपनला सिंगल्स आणि डबल्स दोन्ही जिंकली.

टीममध्ये कोण कोण असतं?

वरच्या २० मध्ये असाल तर कोच, हिटिंग पार्टनर, फिटनेस ट्रेनर, फिजिओ, कधी सायकॉलॉजिस्ट, आणि एजंट. १५० ला असाल तर कोच, तोही कधी कधी अर्ध्याच आठवड्यांना. कोचला आठवड्याचा किंवा वर्षाचा ठरलेला पगार आणि वर बक्षिसातला काही टक्का अशी पद्धत असते, प्रवासखर्च खेळाडूचाच. आता मॅच चालू असताना स्टँडमधून कोचने सांगितलेलं चालतं, २०२५ पासून तो नियम कायम झालाय.

पालकांना एक गोष्ट कळकळीने. मुलगी लहान असताना एखाद्या कोचबरोबर एकटीला आठवडेच्या आठवडे परदेशात पाठवताना त्याची पूर्ण माहिती काढा, खोल्या वेगळ्या असल्याच पाहिजेत, मुलीशी रोज मोकळं बोलणं झालंच पाहिजे. डब्ल्यूटीए आणि आयटीएफ दोघांकडे खेळाडूंच्या सुरक्षेसाठी वेगळा विभाग आणि तक्रारीची सोय आहे, ती कुठे आहे हे मुलीला आधीच माहिती असू दे. "चांगला कोच हातचा जाईल" म्हणून गप्प बसू नका.

मोठी दुखापत झाली तर रँकिंग जातं का?

पॉइंट जातात, पण परत यायला दार असतं. सहा महिने किंवा जास्त बाहेर राहिलात तर स्पेशल रँकिंग मागता येतं, म्हणजे दुखापतीच्या वेळचा नंबर ठराविक स्पर्धांच्या एंट्रीसाठी वापरता येतो. सीडिंग, म्हणजे वरच्या खेळाडू सुरुवातीलाच एकमेकींसमोर येऊ नयेत म्हणून ड्रॉमध्ये दिलेली जागा, मात्र मिळत नाही, त्यामुळे पहिल्याच राऊंडला नंबर वनसमोर उभं राहायची तयारी ठेवायची. आणि स्पर्धा मोजक्या असतात, म्हणून कुठे वापरायचं हे हुशारीने ठरवावं लागतं, बहुतेक जणी चार स्लॅमसाठी राखून ठेवतात, कारण वर सांगितलेला पैशांचा हिशोब.

बाळ झाल्यावर परत येता येतं का?

येतं, आणि आता आधीपेक्षा खूप सोपं झालंय. किम क्लायस्टर्स २००७ ला निवृत्त झाली, २००८ ला मुलगी झाली, आणि २००९ मध्ये पुनरागमनानंतरच्या तिसऱ्याच स्पर्धेत, वाईल्ड कार्डवर, यूएस ओपन जिंकली. सेरेना विल्यम्स २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपन गरोदर असताना जिंकली, बाळंतपणात जिवावरचे त्रास झाले, आणि तरी २०१८ आणि २०१९ मध्ये चार स्लॅम फायनल खेळली. पण ती परत आली तेव्हा २०१८ च्या फ्रेंच ओपनला तिला सीडिंग नव्हतं, नंबर वन असताना बाळासाठी थांबलेल्या बाईला! त्यावर भरपूर चर्चा झाली आणि २०१९ पासून डब्ल्यूटीएने नियम बदलले, आता बाळाच्या जन्मापासून तीन वर्षांपर्यंत स्पेशल रँकिंग वापरता येतं. मार्च २०२५ मध्ये तर सौदी अरेबियाच्या पीआयएफ या सरकारी गुंतवणूक फंडाच्या पैशातून १२ महिन्यांपर्यंत पगारी मॅटर्निटी रजा सुरू झाली. स्वतंत्र खेळाडूंच्या खेळात, जिथे कोणी मालकच नाही, तिथे ही गोष्ट फार मोठी आहे. बेलिंडा बेन्चिचला एप्रिल २०२४ मध्ये मुलगी झाली आणि २०२५ मध्ये तिने अबू धाबी जिंकली आणि विम्बल्डनची सेमीफायनल गाठली. तात्याना मारिया दोन मुलींची आई, ३४ व्या वर्षी विम्बल्डनची सेमीफायनल आणि २०२५ ला ३७ व्या वर्षी क्वालिफायिंगमधून येऊन लंडनच्या क्वीन्स क्लबचं टायटल.

पाळी आणि मॅच एकाच दिवशी आली तर?

खेळायचं, दुसरं काय. नियमात त्यासाठी वेगळं थांबणं नाही. पण निदान आता बोललं जातं. २०२२ च्या फ्रेंच ओपनला झेंग चिनवेन श्वियाँतेकविरुद्ध पहिला सेट जिंकून मग पोटदुखीने हैराण झाली आणि तिने प्रेसमध्ये कारण स्पष्ट सांगितलं. विम्बल्डनला २०२३ पासून स्कर्टच्या आत गडद रंगाची शॉर्ट्स घालायला परवानगी मिळाली. त्याआधी सगळं पांढरंच, आणि त्या टेन्शनमध्ये पिढ्यान् पिढ्या मुली खेळल्या.

डोपिंगच्या केसेस इतक्या का येतात? सगळ्या फसवतात का?

नाही. वरच्या खेळाडूंना रोजचा एक तास आणि पत्ता आधी कळवून ठेवावा लागतो, कधीही टेस्टवाले येऊ शकतात, १२ महिन्यांत तीनदा सापडल्या नाहीत तर तोच गुन्हा. शरीरात काही सापडलं की ते कसं आलं हे सिद्ध करायची जबाबदारी खेळाडूचीच. श्वियाँतेकच्या केसमध्ये २०२४ ला झोपेच्या गोळीत भेसळ निघाली आणि एक महिन्याची शिक्षा झाली, सिमोना हालेपला आधी चार वर्षं दिली होती, खेळांच्या आंतरराष्ट्रीय लवादाने अपिलात ती नऊ महिन्यांवर आणली पण तोपर्यंत दीड वर्ष हातून गेलं होतं. म्हणून साधं सर्दीचं औषध, प्रोटीन पावडर, काहीही तपासल्याशिवाय घ्यायचं नाही, हे १४ वर्षांच्या मुलीलाही पहिल्या दिवसापासून शिकवा.

मानसिक ताणाबद्दल हल्ली खूप बोलतात. खरंच इतका असतो?

दर आठवड्याला एक सोडून सगळ्या हरतात. वर्षात वीस-बावीस स्पर्धा खेळणारी चांगली खेळाडू पण एकोणीस वेळा हरून घरी जाते, घरी पण नाही, पुढच्या हॉटेलात. त्यात एकटेपणा, पैसे, आणि आता फोन. २०२४ मध्ये टेनिसपटूंना आलेल्या शिवीगाळीच्या ऑनलाईन मेसेजची डब्ल्यूटीए आणि आयटीएफने तपासणी केली तर साधारण ४० टक्के मेसेज सट्ट्यात पैसे हरलेल्यांचे निघाले. डब्ल्यू ३५ खेळणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला रात्री जिवे मारायच्या धमक्या येतात, कारण कोणीतरी तिच्यावर पैसे लावले होते.

नाओमी ओसाकाने २०२१ च्या फ्रेंच ओपनला प्रेस कॉन्फरन्स नाकारली, १५,००० डॉलर दंड झाला, मग तिने स्पर्धाच सोडली आणि डिप्रेशनबद्दल उघड सांगितलं. ॲश बार्टीने २०१४ ला थांबून बिग बॅशमध्ये ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेट खेळलं, २०१६ ला परत आली, तीन स्लॅम जिंकली आणि मार्च २०२२ मध्ये नंबर वन असताना २५ व्या वर्षी निवृत्त. अमांडा अनिसिमोव्हा २०२३ मध्ये सात-आठ महिने पूर्ण थांबली, खूप जणांनी सांगितलं होतं की परत वर येणं जमणार नाही. २०२४ च्या विम्बल्डनला ती क्वालिफायिंगच्या शेवटच्या राऊंडला हरली, आणि पुढच्या वर्षी त्याच विम्बल्डनची फायनल खेळली. ती फायनल ०-६, ०-६ हरली, आणि दोन महिन्यांत परत यूएस ओपनच्या फायनलला उभी. थांबणं म्हणजे संपणं नाही याला याहून मोठा पुरावा मला तरी नको.

करिअर किती वर्षं चालतं?

पूर्वी तिशी म्हणजे म्हातारी समजायचे, आता नाही. फ्लाविया पेनेटा ३३ व्या वर्षी पहिलं आणि एकमेव स्लॅम जिंकली, २०१५ ची यूएस ओपन, आणि ट्रॉफी घेतानाच निवृत्ती सांगितली. किमिको दाते १९९६ ला निवृत्त झाली, बारा वर्षांनी परत आली, २००९ ला ३९ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सोलचं टायटल जिंकली. व्हीनसने २०२५ मध्ये ४५ व्या वर्षी वॉशिंग्टनला सिंगल्सची मॅच जिंकली.

निवृत्तीचं एक टेक्निकल: अधिकृत निवृत्ती घेतली की डोपिंग टेस्टच्या यादीतून नाव निघतं, आणि परत यायचं झालं तर सहा महिने आधी त्या यादीत यावं लागतं. म्हणून काही जणी अधिकृत कागद भरतच नाहीत. नंतरचं काम म्हणाल तर कोचिंग, कॉमेंट्री, फेडरेशन, अकॅडमी. अमेली मॉरेस्मोने अँडी मरेला कोचिंग केलं आणि आता फ्रेंच ओपनची टूर्नामेंट डायरेक्टर आहे.

नव्याने बघायला सुरुवात करायची तर कुठून करू?

स्लॅम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात क्वालिफायिंग असतं, तिथून. खास करून तिसऱ्या राऊंडच्या मॅचेस शोधा, जिंकली की मेन ड्रॉ, हरली की बॅग भरायची, फारतर लकी लूझर म्हणून कोणाच्या माघारीची वाट बघत ऑफिसबाहेर सही करून थांबायचं. ड्रॉ आणि स्कोअर स्पर्धेच्या साईटवर लागतात, छोट्या आयटीएफ स्पर्धांच्या बऱ्याच मॅचेस ऑनलाईन फुकट दिसतात. दोन-तीन नावं लिहून ठेवा आणि पुढचं वर्षभर सोमवारी त्यांचं रँकिंग बघत राहा.